मागच्या दारानं गेलेली लुगडी

“म्हणजे साइट तुम्ही बनवणार नाही?”

“नाही. ती दुसरा माणूस बनवेल.”

“फोटो काढाल?”

“त्यालाही वेगळा माणूस येईल.”

“मंग तुम्ही नेमकं करता काय जी?”

मोरेश्वर सोनकुसऱ्यांनी हे इतक्या भाबडेपणानं विचारलं, की मला रागसुद्धा येईना. माझी आई रोज हेच विचारायची, फक्त तिच्या आवाजात भाबडेपणा नसायचा. नागपुरातल्या एका छोट्या कंपनीत मी नुकतीच लागले होते आणि माझ्या कार्डावर ‘कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट’ असं झोकात छापलं होतं. मोरेश्वरांनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मागची बाजू कोरी निघाल्यावर शर्टाच्या खिशात ठेवून दिलं.

“मी आधी विचारते,” मी म्हणाले. “साइटवर आत्ता काय काय आहे ते सगळं वाचते. मग तुमच्या गिऱ्हाइकांना विचारते, की तुम्ही इथं काय शोधायला येता. मग काय ठेवायचं, काय काढायचं, कोणत्या शब्दांत बोलायचं, कशामागून काय आलं म्हणजे माणूस हरवणार नाही, ते ठरवते. आणि शेवटी, मी गेल्यावर हे सगळं कोण सांभाळणार, ते तुम्ही ठरवायचं.”

 तेवढ्यात ओसरीवरून एक खरखरीत, मजेदार आवाज आला.

“नवी सून हेच करते ना रे मोरू. घरात काय आहे, कोणाले काय लागते, सारं पायते. वर्षभर तोंड उघडत नाही. मंग एक दिवस डबे हलवते.”

माझ्या धंद्याची इतकी नेमकी व्याख्या मी आजवर ऐकलेली नाही. मी ओसरीकडं वळले. बांबूच्या खुर्चीत एक ठेंगणी, गोरटेली म्हातारी बसली होती. डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडं नव्हते, माझ्या जरा डावीकडं होते. ह्या वेणूबाई, मोरेश्वरांची आई. दोन हिवाळ्यांपूर्वी काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली होती.

भंडाऱ्याच्या पुढं, तलावाला टेकून वसलेलं आंबेटोला हे गाव. सोनकुसऱ्यांच्या घरात कोशाची करवती लुगडी विणली जात. अंग जंगलातल्या कोशाच्या रेशमाचं आणि काठाला करवतीचे दाते. मागावर मोरेश्वर आणि त्यांची बायको रंजनावहिनी बसत. मी थंडीत गेले होते. धानाची मळणी चालू होती. हवेत भुशाची बारीक सोनेरी धूळ तरंगायची आणि दुपारी सगळं गाव अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटायचं. माझी खाट ओसरीच्या टोकाला होती. मागाचा आवाज इतका सारखा यायचा, की त्या महिन्यात मी कधी जागी होते आणि कधी डुलकी घेत होते, हे आज सांगता येणार नाही.

जुनी साइट कोणाच्या तरी भाच्यानं करून दिली होती. वर ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ ही पाटी डावीकडून उजवीकडं धावायची. खाली लुगड्यांचे फोटो, आणि प्रत्येकाखाली कोशा-करवतीचं ‘केके’ आणि फक्त आकडा. केके एकशे सतरा. केके एकशे अठरा. लुगडं काय आहे, कोणी विणलं, कशाचं, काही म्हणजे काही नाही. तुरुंगातल्या कैद्यांसारखी ती लुगडी रांगेत उभी होती.

गिऱ्हाइकांना फोन करायचे तर तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, जावं लागे, कारण रेंज तिथंच. पाण्यात कमळाची सुकलेली पानं, पलीकडं धुकं, आणि मी पाळीवर बसून अनोळखी बायकांना त्यांच्या लुगड्यांविषयी विचारतेय, असा तो मामला. पहिलाच फोन नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकांना लागला.

“साइटवर काय शोधलंत?” मी विचारलं.

“‘उतरतं ऊन’ शोधत होते हो. बहिणीकडं आहे. तसलं मला हवं होतं. तर तिथं नुसते नंबर! मी काय गाडी घ्यायला आलेय?”

मला वाटलं, बाईंनी लाडानं नाव ठेवलं असेल. मग चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्याकडं ‘धानावरचं धुकं’ आहे. आणि दादरच्या एक बाई खुदकन हसून म्हणाल्या, “माझ्याकडं ‘जावेचा राग’ आहे. लालभडक! जावेच्याच लग्नाच्या वाढदिवसाला नेसले होते. तिला नाव सांगितलं नाही, पण मला माहीत होतं ना.”

ज्यांना ज्यांना फोन लावला, त्यांना लुगड्याचा रंग विचारला तर अडखळत. नाव मात्र सगळ्यांना पाठ. मी पाळीवरून जवळजवळ धावतच घरी आले. सगळ्या साइटला पुरेल एवढा ऐवज हाती लागला होता. मोरेश्वर मागावर होते.

“ही नावं कोण ठेवायचं?”

मोरेश्वरांचा हात थांबला. त्यांनी आधी ओसरीकडं पाहिलं आणि मग आवाज अगदी खाली आणला.

“आई. आमच्या आजीपासून चालत आलं आहे थे. लुगडं मागावरून उतरलं की आधी आईच्या मांडीवर. आई पायणार, नाव सांगणार, तवा घडी पडणार. बिननावाचं लुगडं या घरातून जात नव्हतं.”

“मग आता?”

“आता तिले दिसत नाही, मॅडम.” ते पुन्हा मागावर वाकले. “हात जोडतो, तिच्यापाशी हा विषय काढू नका. आकड्यानं चालवा काम.”

रंजनावहिनींनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली वळवली. माझं काम तिथंच अडलं. जी एक गोष्ट त्या साइटला हवी होती, ती ओसरीवरच्या खुर्चीत गप्प बसून होती आणि तिला विचारायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा साइटपेक्षा त्या बाईंचंच वाईट वाटत होतं. घरातल्या सगळ्यांच्या हाताला काम होतं, एक त्यांचेच हात रिकामे होते.

रिकामे म्हणावेत, तर एक गोष्ट मात्र मी अधूनमधून पाहत होते. खुर्चीशेजारी पाण्याचा तांब्या असायचा. वेणूबाई दिवसभर रेललेल्या असत. मधेच कधीतरी अचानक ताठ होत, ओसरीच्या कडेला वाकून हात धूत, पदराला कोरडे करत आणि मांडीवर उताणे ठेवून बसून राहत. बराच वेळ. मग हळूच पुन्हा रेलत. जेवणाची वेळ नाही, देवाची नाही. म्हातारपणी माणसांना काही काही सवयी लागतात, असं समजून मी सोडून दिलं.

एका दुपारी त्यांनीच मला हाक मारली.

“पोरी, आमच्याबद्दल त्या मोबाइलात काय लिवलं आहे? वाच ना.”

वाचण्यासारखं काही नव्हतंच. पण पाळीवर उतरवून आणलेली साइटची पानं फोनमध्ये होती, आणि पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवायची सोयही होती. कौतुकानं मी ती चालू केली. फोनमधली बाई आपल्या सपाट आवाजात सुरू झाली. “प्रतिमा. केके एकशे सतरा. प्रतिमा. केके एकशे अठरा. प्रतिमा.”

वेणूबाई जरा वेळ कान देऊन ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “ही बाई कोण आहे?”

“यंत्र आहे आजी.”

“हिले बी दिसत नाही काय?”

आणि त्या खो खो हसल्या. मीही हसले, पण ओशाळून. फोटोखाली दृष्टी नसलेल्यासाठी दोन ओळी लिहायच्या असतात, हे मला माहीत होतं. आमच्या कामाच्या यादीत ते सगळ्यात शेवटी असतं आणि वेळ उरला तर करतात. मी तिथल्या तिथं एकशे सतरा नंबरचा फोटो उघडला आणि झोकात सुरुवात केली.

“आकर्षक पिवळ्या रंगाची, पारंपरिक काठाची...”

“आकर्षक पिवळा म्हणजे कोणता?”

“म्हणजे... छान पिवळा.”

“छान तर असनच. घरचं आहे. पन पिवळा कोणता? पिकल्या पानाचा, का कण्हेरीचा, का कावीळ झाल्याचा?”

मी फोटोकडं पाहत राहिले. खोटं कशाला बोलू, त्याआधी मी तो रंग पाहिलाच नव्हता, फक्त ओळखला होता. “आजी, दिवा लावल्यावर भिंतीवर उजेड पडतो ना, तसा,” मी चाचरत म्हणाले.

वेणूबाईंचा चेहरा बदलला. ओठ जरासे हलले. मला वाटलं, आता नाव येणार. तेवढ्यात आतला माग थांबला.

सगळं घर एकदम शांत झालं. कात्रीचा कचकन आवाज आला. वेणूबाई ताठ झाल्या. तांब्या चाचपला, हात धुतले, पदराला पुसले, मांडीवर उताणे ठेवले. आत पावलं वाजली. ती ओसरीकडं आली नाहीत. माजघरातून परसाकडं गेली, मागच्या दाराची कडी हलकेच वाजली, आणि मग काही नाही.

“गेलं,” वेणूबाई म्हणाल्या.

“काय गेलं, आजी?”

“लुगडं. मागच्या दारानं नेते मोरू. मले ऐकू जाऊ नये म्हणून चप्पल बी घालत नाही.” त्यांनी हात पुन्हा पदराला पुसले. “पहिले इथं येत होतं. माझ्या मांडीवर. आता त्याले वाटते, आंधळ्या म्हातारीले काय समजते.”

“मग तुम्ही हात का धुता?”

“न जाणो,” त्या म्हणाल्या. “एखाद्या दिवशी आणलंच, तर हात खराब नसावे ना, माय.”

मला रडू आलं. त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी ते आवरलंही नाही. पण त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी तांब्या माझ्याकडं सरकवला आणि म्हणाल्या, “तोंड धू.”

त्या संध्याकाळी मी मोरेश्वरांना तलावाच्या पाळीवर गाठलं. त्यांनी मना केलेला विषय मीच काढला. पाहिलं ते सगळं सांगितलं, तांब्या, हात, कडीचा आवाज. ते ऐकता ऐकता खाली बसले.

“तिले असं वाटते? मले वाटलं होतं, मी तिले वाचवून रायलो.” त्यांनी एक खडा उचलून पाण्यात टाकला. “डोळे गेल्यावर पहिलं लुगडं उतरलं, थे नेलं होतं मी तिच्याकडे. मांडीवर ठेवलं. तिनं हात फिरवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आन् ढसाढसा रडली. जन्मात तिले रडताना पायलं नव्हतं मी. बाप गेला तवा बी नाही. त्या दिवशी ठरवलं, आता पुन्हा तिच्या मांडीवर लुगडं ठेवायचं नाही.”

“तेव्हा तुम्ही काही बोललात त्यांच्याशी?”

“काय बोलणार जी? सारे मुके झालो. रंजना बी.”

 जाऊन आईशी बोला, असं सांगणं सोपं होतं. पण बोला म्हटलं की न बोलणारी ही माणसं. लुगडं हातात असल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. मग मी माझ्या धंद्याचा आधार घेतला.

“सोनकुसरेजी, साइटचं एक काम ठरायचं राहिलंय. मी गेल्यावर सांभाळणार कोण? नवं लुगडं साइटवर चढायच्या आधी काय काय व्हायला पाहिजे, याचा नियम लागतो.”

“सांगा ना. तुम्ही सांगाल तसं करू.”

“फोटोखाली लुगड्याचं वर्णन पाहिजे. ज्याला दिसत नाही त्यालाही ते लुगडं कळलं पाहिजे, असं. ते बरोबर जमलंय की नाही, हे डोळस माणसाला तपासता येत नाही. म्हणून ते आधी ज्याला दिसत नाही अशा माणसाला तोंडी सांगायचं. त्या माणसानं ‘कळलं’ म्हटल्याशिवाय लुगडं साइटवर चढवायचं नाही.”

त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. “सारे असंच करतात?”

“सगळे,” मी म्हणाले. असं कोणीही करत नव्हतं. आमच्या कंपनीनं तर स्वप्नातही केलं नसतं.

मोरेश्वर उठले, धोतराची धूळ झटकली. “नियम आहे तर मंग...” एवढंच बोलले आणि घराकडं चालू लागले.

पुढचं लुगडं उतरायच्या दिवशी मी ओसरीवर लॅपटॉप उघडून बसले होते आणि एक अक्षर लिहीत नव्हते. वेणूबाई खुर्चीत होत्या. अंगणात धान वाळत घातलेलं, चिमण्यांची भांडणं चाललेली. ऊन इतकं मऊ होतं, की त्यात बसल्या बसल्या माणसाला आपलं नाव विसरायला व्हावं. माग वाजत होता, वाजत होता, आणि थांबला.

कात्री वाजली. वेणूबाईंनी हात धुतले, पुसले, मांडीवर ठेवले.

पावलं माजघरात आली. परसाकडं वळली. मागच्या दाराशी जाऊन थांबली.  कडी काही वाजेना. मग पावलं परत फिरली, आणि या वेळी ती चपला घालून आली, चांगला फटक फटक आवाज करत.

मोरेश्वरांनी लुगडं आईच्या हातांवर ठेवलं आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसले. मागं दाराच्या चौकटीत रंजनावहिनी उभ्या राहिल्या.

वेणूबाईंनी हात फिरवला नाही. नुसतं वजन घेत राहिल्या.

“आणलंस?”

“नियम आहे,” मोरेश्वर म्हणाले. “तुले सांगा लागते. मंग साइटवर चढते.”

“सांग मंग.”

“पिवळं आहे.”

“कोणतं पिवळं?”

मोरेश्वरांना घाम फुटला. जन्मभर रंग हाताळलेला माणूस, पण तो कधी तोंडानं सांगायची वेळच आली नव्हती. त्यांनी वर पाहिलं, अंगणात पाहिलं. “धान कापल्यावर शेताच्या बांधीत खुंट राहतात ना, आई. कोरडे. त्यावर सकाळचं ऊन पडते. दव वाळलेलं नसते अजून. तसं.”

“बरं. काठ?”

“काठ लाल आहे. लाल म्हणजे...” ते अडले. “लाल नाही थे. तू मले शाळेत नेऊन देत होती तवा एक लुगडं नेसत होती. मी त्याचा काठ मुठीत धरून चालत होतो. तो काठ.”

“तो तर फिका पडला होता रे.”

“हा बी तसाच आहे. नवा आहे, पन धुऊन धुऊन मऊ झाल्यासारखा दिसते.”

तेव्हा कुठं वेणूबाईंचा हात हलला. त्यांनी काठ शोधला, करवतीच्या दात्यांवरून बोट फिरवलं, एकेक दाता, सावकाश. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मोरेश्वर लगेच उठायला लागले, लुगडं काढून घ्यायला हात पुढं केला.

“बस खाली!” म्हातारी ओरडली. “रडू दे मले. मांगच्या वेळी बी मी लुगड्यासाठी नव्हती रडली. हाताले सारं समजलं होतं. रंग तेवढा नव्हता समजला. तुम्ही सारे उभे होते, आन् एकानं तोंड नाही उघडलं. मले वाटलं, मी मेली आहे आन् हे सारे भवताली उभे आहेत.”

दारातून हुंदका आला, तो रंजनावहिनींचा. मोरेश्वर पुन्हा बसले.  चिमण्या भांडत राहिल्या. मग वेणूबाईंनी लुगडं नाकाशी नेलं, हुंगलं आणि मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही तळवे टेकवले.

“याचं नाव ‘काठ धरून’,” त्या म्हणाल्या. “कर घडी.”

नवी साइट लागली तेव्हा तिच्यावर धावती पाटी नव्हती आणि एकही आकडा नव्हता. प्रत्येक लुगड्याखाली त्याचं नाव, आणि त्याखाली मोरेश्वरांचे किंवा रंजनावहिनींचे शब्द, बोलले तसेच. आमच्या साहेबांनी त्यातलं व्याकरण सुधारायला काढलं होतं. मी हात लावू दिला नाही. त्यानंतर मी कितीतरी मोठ्या कंपन्यांची कामं केली, मोठमोठ्या खोल्यांत भिंतीवर तक्ते टाकून भाषणं दिली. मी नेमकं काय करते, हे माझ्या आईला मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा ‘नव्या सुनेसारखं’ म्हणून सांगितलं, तेव्हा तिला जरा पटलं होतं.

वेणूबाई गेल्या वर्षी गेल्या. कळवलं कोणी नाही, मलाच उशिरा समजलं. परवा सहज ती साइट उघडली. मनाची तयारी ठेवली होती, आकडे दिसतील म्हणून. पण सगळ्यात वर एक नवं लुगडं होतं. राखाडीत जांभळी झाक, काठ काळा. खाली नाव होतं, ‘रिकामी खुर्ची, उन्हात’.

मी फोन लावला. मोरेश्वरांचा आवाज आता थेट आईसारखा खरखरीत झाला आहे. घरात आता रेंज येत असावी, मागं माग वाजत होता. त्यावर हल्ली त्यांची मुलगी बसते, म्हणाले.

“नाव कोणी ठेवलं?” मी विचारलं.

“मीच. रंजना सांगते, मी ऐकतो. आईच्या खुर्चीत बसतो, हात धुतो, डोळे मिटतो. तिनं सारं सांगतलं की मंग सुचते.”

“अहो, पण तुम्हाला तर दिसतं. डोळे कशाला मिटता?”

 

“उघडे ठेवले,” मोरेश्वर म्हणाले, “तर नुसतं लुगडंच दिसते जी.”